आधी काम विचारा, मग तंबाखू

मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या कामकरी माणसाला आपल्याकडे एकच गोष्ट विचारतात. तंबाखू खाता का, बिडी ओढता का? तो मान हलवतो आणि चौकशी संपते. डॉक्टरला कारण मिळतं, सरकारला कारण मिळतं, कारखानदार आणि ठेकेदार तर नावही न निघता सुटतात. या माणसाने जन्मभर हातात काय धरलं, नाकातोंडातून काय आत घेतलं, हे कुणी विचारत नाही. याला हलगर्जीपणा म्हणायला मी तयार नाही. ही लबाडी आहे, आणि रोगी सोडून बाकी सगळ्यांच्या सोयीची आहे म्हणून ती टिकली आहे.

मी मुळशीतल्या कोळवणचा. वळकीचं खोरं, डोक्यावर तिकोना, पावसाळ्यात नजर जाईल तिथवर भाताची खाचरं. पुण्याची माणसं इथे हवापाण्यासाठी बंगले बांधतात आणि आम्हाला सांगतात, तुम्ही नशीबवान. पण खोऱ्यातला कर्ता माणूस दिवसभर खोऱ्यात असतो कुठे? भातावर घर चालत नाही. सकाळी एसटी, टमटम किंवा मोटारसायकलने तो पौडवरून पिरंगुटला, घोटावड्याला, उरवड्याला जातो. कुणी हेल्पर, कुणी पॅकिंगला, कुणी पेंटशॉपला. जे जात नाहीत त्यांतले बरेच जण हेच बंगले रंगवतात. जुना रंग घासायचा, पुट्टी भरायची, प्रायमर मारायचा, ऑइलपेंट थिनरमध्ये कालवायचा, आणि संध्याकाळी हाताचा रंग काढायला पुन्हा थिनरच चोळायचं. त्याच हाताने बिडी पेटवायची, त्याच हाताने भाकरी मोडायची. तोंडाला बांधायला असलाच तर गळ्यातला रुमाल.

माझे चुलते रंगारी होते. लघवी लाल झाली तेव्हा म्हणाले, ‘‘आरं, उन्हाळी लागली आसंल.’’ धन्याजिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. उन्हाळी लागली की आग होते, कळ येते. इथे काहीच दुखत नव्हतं, आणि दुखत नाही म्हणून घरातलं कुणी घाबरलं नाही. मूत्राशयाचा कॅन्सर नेमका असाच फसवतो. वेदना नसताना रक्त जातं, आपोआप थांबतं, माणसाला वाटतं बरं झालं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा जातं. मधल्या काळात मुतखड्याचं औषध झालं, इन्फेक्शनच्या गोळ्या झाल्या. शेवटी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दुर्बीण टाकली तेव्हा गाठ दिसली. तिथेही प्रश्न तोच. ‘‘बाबा, बिडी ओढता?’’ ‘‘व्हय.’’ केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, शेती. का, तर सातबाऱ्यावर त्यांच्या नावाचं अर्धा एकर खाचर होतं. साऱ्या जन्माचा ब्रश त्या एका शब्दाखाली गाडला गेला.

चुलत्यांचा कॅन्सर रंगानेच झाला, असं मी म्हणत नाही. एका माणसाबाबत ते कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. हजार रंगाऱ्यांबाबत मात्र सांगता येतं, आणि जगाने ते सांगितलंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८९ मध्येच रंगाऱ्याचं काम हे माणसात कॅन्सर घडवणारं काम म्हणून पहिल्या गटात घातलं. तो गट पुराव्याबद्दल शंका उरत नाही तेव्हाचा. रबर कारखान्यातलं काम त्यातच आहे. २०२२ मध्ये अग्निशमन दलाचं काम त्यात आलं, आणि तिथेही ज्या कॅन्सरांचा पुरावा पुरेसा ठरला त्यांत मूत्राशयाचा आहे. हे कळण्यासाठी हजार रंगारी कागदावर रंगारी म्हणून दिसावे लागतात. आमचे रंगारी कागदावर शेतकरी असतात, नाहीतर मजूर. मग आमच्याकडे रंगाऱ्यांना हा कॅन्सर होतो की नाही, हे कळणार कुठून? आणि कळलं नाही की प्रश्नच नाही, असं म्हणायला सगळे मोकळे.

हे ज्ञान नवंही नाही. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी सापडल्याचं सांगितलं. रेनने काही अवघड केलं नव्हतं. रोगी काय काम करतो, हे त्याने विचारलं होतं. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जिनिव्हातून बेन्झिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन या रंगधंद्यातल्या दोन द्रव्यांवर बोट ठेवलं. ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रसायन कारखान्यांचे जुने हजेरीपट मिळवले. कोण कुठल्या खात्यात किती काळ होता ते उतरवलं, आणि ती नावं मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिली. १९५४ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या कामगारांत या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या कितीतरी पट होतं. १९६७ मध्ये तिथे या द्रव्यांवर कायद्याने बंदी आली. ती दोन वह्यांमुळे आली. एकीत कामाची नोंद होती, दुसरीत मरणाची.

आता पिरंगुटच्या एखाद्या लेबर ठेकेदाराकडे वीस वर्षांपूर्वीचा मस्टर मागून बघा. ठेकेदारच सापडणार नाही. कंपनीचं नाव बदललेलं असेल, शेड दुसऱ्याला भाड्याने गेली असेल. आणि हा कॅन्सर यायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात. चिलीतल्या अँटोफगास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिक असलेलं नदीचं पाणी पाजलं गेलं. १९७० मध्ये शुद्धीकरण सुरू झालं, पण मूत्राशयाच्या कॅन्सरचं ओझं त्यानंतर कित्येक दशकं तिथे उतरलं नाही. कुणी कुठे राहिलं, कधी कुठलं पाणी प्यायलं याचा हिशेब लागला, म्हणून हे जगाला कळलं.

शरीरात घडतं ते असं. बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन ही रंगधंद्यातली अमाइनं कातडीतून आणि श्वासातून आत जातात. यकृत त्यांच्यावर काम करतं, मूत्रपिंडं ती गाळतात आणि लघवीबरोबर ती मूत्राशयाच्या थैलीत येऊन थांबतात. बाकीच्या अवयवांतून विष निघून जातं, इथे ते तासन्‌तास अस्तराला भिडून राहतं. म्हणून मार इथे बसतो. आता ज्या शेडमध्ये बायकांना धड संडास नाही, तिथे त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात, हे प्रत्येक सुपरवायझरला माहीत असतं. त्यावर तो काय करतो, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

तंबाखूला मी निर्दोष म्हणत नाही. मूत्राशयाच्या निम्म्याच्या आसपास कॅन्सरांमागे धूम्रपान आहे, आणि बिडी सोडा हे प्रत्येकाला ठणकावून सांगितलंच पाहिजे. पण तंबाखूच्या धुरात काय असतं? तेच बीटा-नॅफ्थिलअमाइन, तसंच ४-अमिनोबायफिनाइल. कारखान्यात जी द्रव्यं माणसाला मारतात, त्याच जातीची द्रव्यं बिडीतून आत जातात. म्हणजे बिडी ओढणाऱ्या कामगाराला दुहेरी मार बसतो. मग बिडीचं नाव घेऊन कामाचा प्रश्न मिटवता कसा? उलट बिडी ओढणाऱ्याला तर तो आधी विचारला पाहिजे.

आपल्या देशाला हे समजलेलं नाही, असंही नाही. बेन्झिडीनचं काम करणाऱ्या अहमदाबादच्या कामगारांच्या लघवीतल्या पेशी तपासल्या गेल्या, त्या पेशींच्या डीएनएला चिकटलेली द्रव्यं मोजली गेली आणि १९९६ मध्ये ते निष्कर्ष अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आले. म्हणजे पुरावा आपल्याच माणसांच्या अंगातून निघाला. अंगाला लागणाऱ्या कापडात अशी अमाइनं सोडणाऱ्या अझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी आणली आणि आपला निर्यातीचा माल अडकायची वेळ आली. १९९७ मध्ये केंद्र सरकारने त्या रंगांची हाताळणी बंद करणारी अधिसूचना काढली. गिऱ्हाइकाच्या कातडीचा प्रश्न आला तेव्हा आपण तीन वर्षांत हललो. ते रंग बनवणाऱ्याच्या कातडीचा प्रश्न १८९५ पासून उभा होता.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली. फोटो जगभर गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंग सोडणारा कारखाना बंद करायला लावला. त्या कुत्र्यांसाठी ज्यांनी आवाज उठवला त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण रंगाच्या धंद्यात हात रंगवून घरी जाणारी माणसं महाराष्ट्रात किती पिढ्या आहेत! त्यांच्या हाताचा फोटो कुणी काढला नाही, आणि त्यांच्या लघवीची तपासणी तर त्याहून नाही.

७ जून २०२१ ला आमच्या मुळशीतल्या उरवड्यात रसायनाच्या कंपनीत आग लागली. १७ कामगार जळून गेले, त्यांत बहुतेक बाया. संध्याकाळपर्यंत मंत्री, चौकशी, मदतीचे आकडे, सगळं झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण त्या आगीने आम्हाला एक वाईट सवय लावली आहे. रसायनाने माणूस मरतो तो एका दुपारी, धुराचे लोट दिसतात तेव्हाच, असं आम्ही धरून चाललो आहोत. जो वीस वर्षांनी, काम सुटल्यावर, घरच्या न्हाणीत लाल लघवी बघतो, त्याच्यासाठी पंचनामा नाही, मदत नाही, नोंदसुद्धा नाही.

आणि नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य कॅन्सर होता. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसात असा आजार दिसला, तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचं, असा नियम होता. न कळवल्यास दंड होता हजार रुपयांपर्यंत. तेवढ्या भीतीने कोण लिहिणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या सुरक्षा संहितेतही ही अनुसूची आणि हे बंधन कायम आहे. पण त्याच संहितेने विजेवर चालणारा कारखाना कशाला म्हणायचं, याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली. घोटावड्याच्या रस्त्याला १२ माणसांची जी शेड आहे, ती या व्याख्येत कारखानाच नाही. रंगारी तर आधीही या कायद्यात नव्हता. बांधकाम कामगार मंडळाने त्याला भांड्यांचा संच दिला, पेटी दिली. लघवीची तपासणी कुणी दिली?

ज्यांना ही तपासणी महाग वाटते त्यांनी आजाराचा खर्च बघावा. गाठ खरवडून काढली तरी हा कॅन्सर पुन्हा पुन्हा येतो. थैलीत बीसीजी सोडावी लागते. क्षयाची तीच लस, आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण. कोळवणच्या रोजंदारीवाल्यासाठी दर वेळी कामाला खाडा, सोबत येणाऱ्या मुलाचा खाडा, गाडीखर्च. चार खेपांनंतर माणूस म्हणतो, आता बरं आहे, नको. आणि मग गाठ थैलीच्या भिंतीत शिरते.

पौडच्या ग्रामीण रुग्णालयापासून पुण्याच्या मोठ्या इस्पितळांपर्यंत प्रत्येक केसपेपरवर आयुष्यभराची कामं लिहून घेतली पाहिजेत. कुठे, किती वर्षं, हाताखाली काय होतं. ‘मजुरी’ आणि ‘शेती’ एवढ्यावर भागवणाऱ्याला वरिष्ठाने कागद परत पाठवला पाहिजे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मूत्राशयाच्या कॅन्सरच्या किती नोंदी आल्या, हे तालुकावार दरवर्षी जाहीर केलं पाहिजे. आकडा शून्य आला, तर त्या शून्याचा जाब इस्पितळांना विचारला पाहिजे.

तोपर्यंत माझ्या खोऱ्यातल्या रंगाऱ्यांना, पेंटशॉपवाल्यांना, रसायनात हात घातलेल्या आयाबहिणींना मी एवढंच सांगतो. लघवीतून एकदा जरी रक्त गेलं, दुखत नसलं, आपोआप थांबलं, तरी उन्हाळी म्हणून घरी बसू नका. दुर्बिणीने तपासा म्हणून स्वतः मागणी करा. डॉक्टर विचारो न विचारो, आपण काय काम केलं ते सांगा, आणि त्यांनी ते कागदावर लिहिल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.