रेख्ती कुणी गाडली?

इतिहासाने मुसलमानांना वगळले, अशी तक्रार आपण नेहमी करतो. मग आपण काय वगळले? इतिहासात एम.ए. करणाऱ्या आमच्या जुन्या विद्यार्थिनीने रेख्तीबद्दल विचारले, तेव्हा आम्ही उर्दूचे शिक्षक खाली पाहू लागलो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रंगीन आणि इन्शा यांनी बायकांच्या बोलीत ही शायरी लिहिली. लिहिणारे पुरुष, हे खरे. पण तीत घरातली भांडणे आहेत, दागिने आहेत, स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेमही आहे. सुधारणेच्या काळात ती अश्लील ठरली, निवडक संग्रहांतून गळली. मग १९४२ साली इस्मत आपांनी ‘लिहाफ’ लिहिली, तर लाहोरला खटला!

‘हे बाहेरचे खूळ’ म्हणणाऱ्यांनी आधी आपली कपाटे उघडावीत. लाज शायरीची नव्हे, कात्रीची वाटावी.