कारणावरून भांडा, पण उपचार थांबवू नका

हिंजवडीत कुणाला मानसिक आजार झाला की आधी कारणांची पंचायत बसते. ऑफिसातले म्हणतात, कामाचा ताण. गावाकडून फोन येतो: बाहेरचं काही असेल, लग्न लावून द्या, सुधारेल. रूमवरचा मित्र 'केमिकल लोचा' म्हणून मोकळा होतो. 2006 च्या 'लगे रहो मुन्नाभाई'पासून तो शब्द सगळ्यांच्याच तोंडी आहे. या सगळ्यात महिने जातात आणि आजारी माणूस डॉक्टरांपर्यंत पोचलेलाच नसतो.

कारणांचा वाद तज्ज्ञांमध्येही आहे. 2022 मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं, याला ठोस पुरावा नसल्याचं मांडलं. त्यावरून 'मग गोळ्या कशाला?' असं म्हणून कृपा करून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. आजार कशाने झाला आणि औषध लागू पडतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लिथियम या औषधाचंच बघा. त्याचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 मध्ये दाखवला. ते मेंदूत नेमकं काय करतं हे आजही पुरतं उलगडलेलं नाही, तरी बायपोलर आजाराची कितीतरी माणसं त्याच्या आधाराने नोकरी-संसार करताहेत, वेळोवेळी रक्त तपासून घेत. गोळ्यांचा त्रास होत असेल, कमी करायच्या असतील, तर तेच डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे.

आईवडिलांना वेगळं सांगायचंय. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या काही तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडलं. पुढे तो सिद्धांत मोडीत निघाला, पण तोवर कितीतरी आया अपराधी भावनेत होरपळल्या. एकसारख्या जुळ्यांतही एकाला हा आजार झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही. म्हणजे सगळा दोष ना रक्ताचा, ना संगोपनाचा. तुमचं कुठे चुकलं हे शोधण्यात रात्री घालवू नका. मूळचे धुळ्याचे, कॅनडात प्राध्यापक राहिलेले जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवलं नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे शुभार्थी, म्हणजे आजार असलेली माणसं, आणि त्यांना सांभाळणारे शुभंकर एकमेकांना भेटतात. अशा गटात एकदा जाऊन बसा. घरात झाकून ठेवलेलं तिथे मोकळेपणी बोलता येतं.

गावदेव म्हातोबाला नवस बोलायला माझी हरकत नाही. देवळातून निघालात की दवाखान्यातही जा, एवढंच. मात्र कुणी भूत उतरवतो म्हणून मारहाण करत असेल, साखळीने बांधत असेल, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार करा.

आयटीतल्यांनो, आपल्या कंपनीचा आरोग्य विमा नीट वाचा. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. टीम लीडनी हाताखालच्या माणसाला निदान विचारू नये. डॉक्टरांच्या वेळेसाठी सुट्टी मागितली तर द्यावी.

आणि कुणी मरणाची भाषा केली तर 'नाटकं करतोय' म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका, शांतपणे ऐकून घ्या आणि टेलिमानस हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.