वीस डॉलरच्या नोटेवरची कैदी
ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर मेरी रायबी आहे. इंग्लंडमध्ये घोडा चोरल्याबद्दल सात वर्षांची हद्दपारी झालेली ही पोर १७९२ मध्ये सिडनीला उतरली. १८११ मध्ये नवरा वारल्यावर सात मुलं सांभाळत तिने जहाजांचा आणि मालाचा व्यापार वाढवला. मग हद्दपारी ही एका परीने संधीच नव्हती का, असं विचारलं जातं. मेरीचं कर्तृत्व नाकारायचं कारणच नाही. पण त्याचं श्रेय शिक्षेच्या पदरात कसं टाकायचं? सुमारे २५ हजार बायका अशाच धाडल्या गेल्या. त्यांतल्या अनेकींच्या वाट्याला परक्या घरची चाकरी आली, नाहीतर पॅरामाटा, होबार्ट इथले ‘स्त्री-कारखाने’ (नाव कारखान्याचं, कारभार तुरुंगाचा). होबार्टच्या कॅस्केड्स कारखान्यात तर त्यांची तान्ही मुलंही मोठ्या संख्येने दगावली.