चिन्ह नको म्हणणारा राजा

आगमनकाळात आपण मरियेच्या होकाराबद्दल पुष्कळ ऐकतो. आहाज राजाच्या नकाराबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इम्मानुएलचं ते अभिवचन मुळात दिलं गेलं ते या आहाजच्या दरबारी, त्याने नको म्हटल्यावर.

इ.स.पूर्व 735 च्या सुमाराची गोष्ट. अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह यांनी मिळून यहूदावर चाल केली होती. आहाज परटाच्या शेताच्या वाटेवर, वरच्या तळ्याच्या पाटापाशी होता. वेढा पडला तर पाणी पुरेल का, हे बघायला गेला असावा. तिथे यशया आपल्या मुलाला घेऊन त्याला भेटला. भिऊ नकोस, हे दोघे राजे म्हणजे विझत आलेली लाकडं आहेत, असा देवाचा निरोप होता. विश्वास धरला नाहीस तर तुझा टिकाव लागणार नाही, हेही सांगितलं. हिब्रूत ‘विश्वास धरणे’ आणि ‘टिकणे’ एकाच धातूपासून येतात. आपलं ‘आमेन’ही त्याच धातूचं.

मग देवाने सांगितलं, हवं ते चिन्ह माग. आहाज म्हणाला, मी मागणार नाही, परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही.

उत्तर अगदी शास्त्राला धरून! तशी आज्ञाच आहे, आणि रानात सैतानापुढे येशूनेही तीच सांगितली. पण आहाजने मदत मागितली अश्शूरच्या राजाकडे. मंदिरातलं सोनं-रुपं काढून त्याला नजराणा धाडला. हे 2 राजे, अध्याय 16 मध्ये आहे.

घरभेटींना जाताना मला आहाज वारंवार आठवतो. नोकरी गेलेली असते, भावाशी बोलणं तुटलेलं असतं, लग्नाला दहा वर्षं होऊन मूल नसतं. प्रार्थना करू या म्हटलं की उत्तर येतं, “देवाची इच्छा असेल ते होईल.” मरियेच्या तोंडी या शब्दांत समर्पण होतं. आपण कित्येकदा ते मागणं टाळायला वापरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. एक बहीण तर म्हणाल्या, “मागितलं आणि मिळालं नाही तर? त्यापेक्षा न मागितलेलं बरं.” मला त्यांचं हे बोलणं ‘देवाची इच्छा’ म्हणण्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटलं. त्या दिवशी आम्ही तेच शब्द देवापुढे ठेवले.

डॉक्टरकडे जाणं, कर्जासाठी बँकेत जाणं हा अविश्वास नव्हे. तळ्याची पाहणी केली म्हणून यशयाने आहाजला बोल लावला नाही.

पुढे त्याच अश्शूरच्या फौजा यहूदावर आल्या. इ.स.पूर्व 701 मध्ये त्यांचा सरदार त्याच तळ्याच्या पाटापाशी उभा राहून यरुशलेमला धमकावत होता. आहाजचा मुलगा हिज्कीया तेव्हा राजा होता. धमकीचं पत्र घेऊन तो मंदिरात गेला आणि परमेश्वरासमोर ते उलगडून त्याने मदत मागितली.

मिस्सात हे वाचन दहाव्या वचनापासून सुरू होतं, त्यामुळे आहाजची भीती आपल्या कानी पडतच नाही. घरी यशया 7 पहिल्या वचनापासून वाचा. आणि 17 डिसेंबरला मत्तयची ती लांबलचक वंशावळ वाचली जाते तेव्हा जरा लक्ष द्या. येशूच्या पूर्वजांत, हिज्कीयाच्या आधी, आहाजचं नाव आहे.