जावांचा जाच

परवा रात्री माझी भाची लॅपटॉपपुढे डोळे पुसत बसलेली दिसली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. म्हटलं, प्रेमभंग वगैरे असेल. पण पोरीला जावाने रडवलं होतं. (जावा ही संगणकाची भाषा, १९९५ साली जगापुढे आली. घरोघरच्या जावांनीही पुष्कळांना रडवलंय, पण तो विषय निराळा.)

"मामा, मला हे जमणारच नाही. मी ब्रँच बदलते."

निवृत्तीनंतर हौसेने मीही जावाशी झटापट करतो, म्हणून डोकावलो. एक फॉर लूप. त्याखाली महिरपी कंस न घालता एकच ओळ: 'इन्ट एक्स बरोबर पाच', शेवटी अर्धविराम. एवढ्याशा ओळीत कंपायलरने तीन चुका काढलेल्या! एक, इथे 'डॉट क्लास' अपेक्षित आहे. दोन, हे विधानच नव्हे. तीन, अर्धविराम अपेक्षित आहे. आता अर्धविराम तर ढळढळीत समोर होता. बिचारीने घाबरून आणखी एक दिला. तरी तक्रार कायम.

नियमाशी माझं भांडण नाही. महिरपी कंस म्हणजे व्हेरिएबलचं घर. घरात जन्मलेला एक्स घरातच नांदतो. लूपखाली एकच विधान असेल तर कंस गाळायची मुभा आहे, पण तिथे व्हेरिएबलचं बारसं करता येत नाही. कारण उघड आहे: जन्मल्या क्षणी त्याचं घरच संपलं, तर त्याला हाक मारणार कोण?

माझं भांडण आहे ते भाषेशी. त्या जागी 'इन्ट' दिसला की जुना कंपायलर समजतो, हिला 'इन्ट डॉट क्लास' म्हणायचं असणार. म्हणून तो डॉट क्लास मागतो. ते मिळत नाही, मग पुढच्या शब्दांना अडखळत अर्धविराम मागतो. म्हणजे घोटाळा त्याच्या तर्कात, आणि चुका आमच्या नावावर! नवा कंपायलर निदान 'व्हेरिएबल इथे जाहीर करता येत नाही' एवढं कबूल करतो. पण भाचीच्या लॅबमध्ये जुनाच आहे. आणि नव्यालाही 'बाई गं, महिरपी कंस घाल' एवढं म्हणायला काय धाड भरली होती?

हे मी तावातावाने बोलत होतो आणि एकाएकी जीभ अडखळली. तीस वर्षं मी कचेरीत काय केलं? लोकांच्या अर्जांवर 'त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे' असा शेरा मारला. कुठली त्रुटी, ते लिहिलं नाही. एक म्हातारे गृहस्थ चार वेळा आले होते. फक्त तारीख राहिली होती त्यांची. मला पहिल्याच खेपेला दिसली होती.

"मामा, काय झालं?"

"काही नाही. कंस घाल."

तिने घातले. तिन्ही चुका एका झटक्यात गेल्या. पोरगी हसली, पुढे दोन ओळी लिहिल्या आणि पुन्हा किंचाळली.

"आता म्हणतो, चिन्ह सापडत नाही! एक्स!"

"बरा आहे की, हरवलेल्याचं नाव तरी सांगतो. तू शोधतेयस कुठे त्याला?"

"लूपच्या खाली... कंसाच्या बाहेर." ती थांबली. "अय्या!"

ब्रँचचा विषय त्या रात्री पुन्हा निघाला नाही.