कुठली क्रूझ घेऊ?

गेल्या दोन महिन्यांत या सदराच्या वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: "आईबाबा आणि मुलं घेऊन क्रूझला जायचंय, कुठल्या कंपनीची घेऊ?" मडगावच्या एका वाचकाने तर तीन कंपन्यांचे दर एक्सेलमध्ये मांडून पाठवले आणि खाली लिहिलं, "तू इंजिनिअर आहेस, तूच सांग." २०१७ पासून मी सात क्रूझ केल्या, चार कंपन्यांच्या जहाजांवर. घरच्यांच्या मते हे वेड आजोबांकडून आलं. ते 'कोकण सेवक'च्या डेकवर अंथरूण टाकून मुंबईला जायचे आणि सकाळी रत्नागिरीच्या वासाने जाग यायची म्हणायचे. मला जाग येते ती बुफेच्या कॉफीने. असो.

माझा पहिला सल्ला असा, की कंपनीचं नाव नंतर बघा, आधी जहाजाचं बघा. मुंबईहून गोव्याला येणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' घ्या. ते भारतात २०२१ च्या सप्टेंबरपासून चालू झालं, पण बांधलं गेलं फ्रान्समधल्या सेंट नाझेरला, १९९० साली, आणि तेव्हा ते रॉयल कॅरिबियनचं 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं. म्हणजे 'रॉयल कॅरिबियन भारी, कॉर्डेलिया साधी' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की जहाज एकाच गोत्रातलं आहे, फक्त वयाने मोठं. खोल्या लहान, बाल्कनीवाल्या मोजक्याच. पण मुंबईला चढून मुरगावला उतरायचं, पासपोर्टची कटकट नाही, गुजराती थाळी आणि जैन जेवण आहे, जहाजावर हिंदी बोलून भागतं. पहिल्यांदा जाणाऱ्या आजीसाठी हे लहान जहाज मोठ्यापेक्षा बरं, कारण लिफ्टपासून जेवणघर दोन मिनिटांवर असतं. सत्तरीच्या माणसाला सोळा मजली जहाजात संध्याकाळपर्यंत गुडघ्यांची आठवण येते.

आता इंजिनिअरचा हिशेब. जहाजाचं 'ग्रॉस टनेज' हे वजन नव्हे. जहाजाच्या आतली बंदिस्त जागा किती, याचं ते माप. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी किती जागा येते याचा अंदाज येतो. 'एम्प्रेस' साधारण ४८,५०० टनांचं आहे, आणि हा आकडा तिशीच्या आतबाहेर येतो. सिंगापूरहून सुटणारं 'गेंटिंग ड्रीम' दीड लाख टनांचं, दोन माणसं एका खोलीत धरली तर साधारण ३,३५० प्रवासी, म्हणजे ४५. २०२२-२३ मध्ये सिंगापूरहूनच जाणारं रॉयल कॅरिबियनचं 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' १,६९,००० टनांचं, पण प्रवासीही ४,२५० च्या घरात; म्हणजे ४०. गंमत म्हणजे ही दोन्ही जहाजं जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या एकाच गोदीत बांधलेली, एक २०१६ चं, दुसरं २०१९ चं. आपल्याकडची कुटुंबं एका खोलीत चौघं राहतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत हे सगळे आकडे खाली येतात. स्विमिंग पूलमध्ये तेव्हा पाण्यापेक्षा मामा-मावश्याच जास्त दिसतात.

दहा-बारा वर्षांची मुलं बरोबर असतील तर मात्र माझं मत रॉयल कॅरिबियनच्या या क्वांटम वर्गातल्या जहाजांना. समुद्रापासून तीनशे फूट वर नेणारी काचेची कुपी, हवेच्या झोतावर तरंगायचा आडवा पाळणा, बंपर कार. आमच्या भाचीने पेनांग बंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. 'गेंटिंग ड्रीम' शांत वाटतं आणि भारतीय जेवणाची त्यांची तयारी चांगली आहे. शाकाहारी, जैन वेगळं मिळतं. तीन-चार रात्रींच्या फेरीला ते मला पुरेसं वाटलं. दोन्हींसाठी एक काळजी घ्या: जहाज मलेशियाला जाऊन सिंगापुरात परत येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरता. एकाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही.

जेवणाचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण आपल्या घरांत निर्णय तिथेच फिरतो. आमची आई मासे आवडीने खाते, पण सोमवार आणि संकष्टी सोडत नाही, आणि त्या दिवशी अंडंही चालत नाही. जहाजावर 'व्हेज' या शब्दात अंडं बसतं का, हे प्रत्येक स्वयंपाकघराचं वेगळं असतं. बुकिंग करताना नोंद करूनही ती मेजापर्यंत पोचेल याची खात्री नाही. मी शिकलेली युक्ती अशी: बुफेत शोधत फिरायचं नाही, पहिल्या संध्याकाळी मुख्य भोजनगृहात बसायचं आणि हेड वेटरला उद्याचं आजच सांगून ठेवायचं. मोठ्या जहाजांवरच्या स्वयंपाकघरांत भारतीय आचारी असतातच. मेन्यूत कुठेही नसलेली डाळ, भाजी, गरम पोळी दुसऱ्या रात्री समोर येते, आणि तिसऱ्या रात्री आचारी स्वतः बाहेर येऊन विचारतो, "तिखट चाललं ना?"

भूमध्य समुद्रातली आमची एकच फेरी झाली, एका युरोपीय कंपनीच्या जहाजावर. तरुण जोडप्यांना आवडेल, आईबाबांना घेऊन मी पुन्हा जाणार नाही. रात्रीच्या जेवणात पाण्याच्या बाटलीचे पैसे लागले, जे बाबांना शेवटपर्यंत पचले नाहीत. सूचना पाच-सहा भाषांत एकामागून एक. शिवाय लोक प्रत्येक बंदरावर चढतात-उतरतात, त्यामुळे रोज कुणाचा तरी पहिला दिवस असतो. आणि जाहिरातीत 'रोम' लिहिलेलं असतं ते बंदर चिविताव्हेक्किया. तिथून रोम ऐंशी किलोमीटर. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तेही तितकंच दूर. दिवसाचे चार तास बसमध्ये.

इंटरनेटबद्दल एवढंच: पॅकेज घ्या किंवा घेऊ नका, पण बंदर सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजाच्या उपग्रह-नेटवर्कला फोन आपोआप चिकटला तर घरी आल्यावर बिल बघून चक्कर येते.

आता मडगावच्या एक्सेलकडे. त्यात एक रकाना नव्हता. तिकिटाशिवाय बंदर-कर असतात, ते बहुतेकांना ठाऊक असतं. पण बऱ्याच अमेरिकन कंपन्यांत माणशी, रोज, मुलांसकट, 'ग्रॅच्युइटी' लागते. हल्ली ती अठरा डॉलरच्या आसपास आहे. चौघं, चार रात्री: २८८ डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या घरात. हा खर्च तिकीट काढतानाच धरायचा असतो. नाहीतर शेवटच्या संध्याकाळी तुम्ही गेस्ट सर्व्हिसच्या रांगेत दिसता.

ती रांग मी पाहिली आहे. काही कंपन्यांत ही रक्कम प्रवाशाच्या सांगण्यावरून काढून टाकता येते, आणि आपल्याच भाषेत एक गृहस्थ मागच्याला समजावत होते, "सेवा आवडली नाही म्हणायचं, लगेच काढतात." सेवा न आवडण्यासारखं काही झालं नव्हतं. त्यांच्या नातवासाठी खोलीवाल्याने रोज टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता. लिफ्टमध्ये त्यांनीच फोटो दाखवला होता.

माझा मावसभाऊ असाच खोलीवाला आहे. गोव्यातल्या वाचकांना तारवटी म्हणजे काय ते सांगायला नको. बार्देश-सासष्टीत गल्लीगल्लीत एक घर जहाजावरच्या पैशांनी उभं आहे, आणि आता फोंड्या-डिचोलीकडची मुलंही जातात. याचा करार सात महिन्यांचा. सात महिन्यांत आठवड्याची सुट्टी नाही. २०१३ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्याहत्तर तास विश्रांती मिळायला हवी. हे वाक्य उलटं वाचा, म्हणजे काम किती तासांचं होऊ शकतं ते कळेल. पूर्वी त्याच्याकडे चौदा खोल्या होत्या, कोविडनंतर अठरा झाल्या. करार संपून घरी आला की पुढचे दोन महिने पगार नाही. आणि पगारात मूळ रक्कम लहान, ग्रॅच्युइटीच्या वाटणीची मोठी. म्हणजे ही वर खुशीने ठेवायची टीप नसून त्याचा पगारच आहे. कंपनी तो तिकिटात न दाखवता तुमच्या हातून देववते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून ही रक्कम वेगळी लावणं बंद केलं, ती तिकिटातच धरली. सगळ्यांनी तसंच करावं असं मला वाटतं. तिकीट महाग दिसेल, पण तुलना तरी खरी होईल.

तोवर एक्सेलमध्ये हा रकाना वाढवा. मी मडगावच्या त्या वाचकाच्या तक्त्यात तो घातला, तेव्हा सगळ्यात स्वस्त दिसणारी फेरी दुसऱ्या क्रमांकावर गेली. त्यांच्या घरात आई गुडघ्यांनी अधू आणि मुलगा सहा वर्षांचा, म्हणून मी त्यांना आधी 'एम्प्रेस' सुचवलं आणि सिंगापूर पुढच्या वर्षी. खोली घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हेलकावे कमी लागतात. पावसाळ्यात या किनाऱ्यावर यायचा विचार करू नका.

मावसभाऊ सध्या घरी आहे. मी त्याला विचारलं, सुट्टीत तू बायको-मुलीला कुठल्या कंपनीच्या क्रूझवर नेशील? तो म्हणाला, "पाणी दिसणार नाही अशी जागा सांग." ते तिघं हंपीला जाऊन आले.