वाटाणा पुस्तकात, अळी बोंडात



वरवट बकाल, पातुर्डा, सोनाळा, बावनबीर, कोणत्याही गावातल्या नववी-दहावीच्या पोराला विचारा, मेंडेल कोण? पोरगा धडाधड सांगेल. युरोपातल्या एका मठातला साधू. १८६५ साली त्याने आपले वाटाण्याचे प्रयोग लोकांपुढे मांडले. उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच, दुसऱ्या पिढीत तीन उंच आणि एक बुटके. उत्तर बरोबर. पैकीच्या पैकी गुण.

आता त्याच पोराला दुसरा प्रश्न विचारा. तुझ्या बापाने जूनमध्ये पऱ्हाटीचे पाकीट आणले. त्या झाडाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर काय उगवेल? पोरगा गप्प. मास्तरही गप्प. हा प्रश्न पेपरात येत नाही.

आपल्या कोरडवाहू वावरात वाटाणा लावतो कोण? आपण लावतो पऱ्हाटी, ज्वारी, तूर. मेंडेलचा नियम वाटाण्याला लागू आहे तसाच पऱ्हाटीलाही लागू आहे. तो नियम ज्याला वापरता आला तो बियाणे विकतो. ज्याने नुसता पाठ केला तो बियाणे विकत घेतो. म्हणून शाळेतला जीवशास्त्राचा तास हा फक्त पोरांच्या गुणांचा विषय नाही. तो आपल्या उत्पन्नाचा विषय आहे, आणि म्हणून जिल्हा बैठकीचाही विषय आहे.

कुलूप बियाण्याच्या आत

१९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा देशातला पहिला संकर वाण आला. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ कपाशी काढली. व्यापारी लागवडीसाठी आलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. त्याने उत्पन्न वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. शास्त्राला शिव्या देणाऱ्यांतले आपण नव्हे. पण संकराबरोबर आणखी एक गोष्ट घरात आली आणि तिची फोड करून आपल्याला कोणी सांगितली नाही.

संकर म्हणजे दोन वेगळ्या माय-बापांची पहिली पिढी. ही पिढी एकसारखी आणि जोमदार. तिचे बी धरले की दुसऱ्या पिढीत आजा-आजीचे गुण फुटून निघतात. एक झाड उंच, एक खुजे. एक लवकर फुटते, एक उशिरा. रब्बीची मालदांडी हा सरळ वाण. तिचे चांगले कणीस निवडून बी धरले तर पुढच्या साली मालदांडीच उगवते. संकराचे तसे होत नाही, म्हणून दरवर्षी दुकानाची पायरी.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा हक्क आपल्याला मिळाला. कायद्याने दिलेला हक्क संकराने एक शब्द न बोलता काढून घेतला. हे कुलूप दिसत नाही, कारण ते बियाण्याच्या आत आहे. आणि कुलूप म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या पोराने घोकलेला मेंडेलचा नियमच आहे.

१२० ग्रॅमचा फेकून दिलेला धडा

२००१ मध्ये गुजरातेत ‘नवभारत १५१’ हे बीटी बियाणे परवानगीशिवाय वावरात उभे असल्याचे उघड झाले. बोंडअळीने बाकीची कपाशी खाल्ली, ही मात्र तरली. सरकारने उभे पीक जाळण्याचा हुकूम काढला. शेतकरी आडवे झाले, शरद जोशींनी त्यांची बाजू घेतली. २००२ च्या मार्चमध्ये सरकारला बीटी कपाशीला परवानगी द्यावी लागली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला तेव्हा १६०० रुपयांच्या घरात मोजावे लागले.

त्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची. तिच्यात बिगर-बीटी सरकी. वावराच्या कडेने तिच्या ओळी लावा, असे छापलेले असायचे. किती जणांनी लावल्या? बहुतेक पुड्या बांधावर पडल्या. अळीला जेवू घालायला जागा कोण देईल?

पण त्या पुडीत शास्त्र होते. लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की बीटी खाऊनही मरत नाही. हा तिचा गुण बहुतेक करून अप्रभावी असतो, मेंडेलच्या बुटक्या वाटाण्यासारखा. कडेच्या बिगर-बीटी झाडांवर साध्या अळ्या जगल्या तर त्यांचे पतंग या चिवट पतंगांशी जुळतात. पिल्लांत साधा गुण वरचढ ठरतो आणि ती पिल्ले बीटी खाऊन मरतात. कडेच्या ओळी नसल्या तर चिवटाची गाठ चिवटाशीच पडते आणि सगळी पैदास चिवट होते. प्रभावी आणि अप्रभावी हे दोन शब्द गावातल्या नववीच्या प्रत्येक पोराला ठाऊक होते. पुडी फेकणाऱ्या बापाला ते कोणी सांगितले नाहीत, आणि पोराला ते पुडीशी जोडून कोणी दाखवले नाहीत.

परिणाम भोगतो आहोत. २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी आली. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे कंपनीनेच मान्य केले. २०१७ मध्ये तीच अळी विदर्भातल्या बोंडाबोंडांत बसली. वेचणीला गेलेल्या बायांच्या हाती कवडी आली.

बोंडात भरलेली अळीची तालीम

आता खरी गोम ऐका. आपल्याकडची बीटी बहुतेक सगळी संकर वाणात आहे. नर किंवा मादी, एकाच बाजूने जनुक आलेले. झाड पहिल्या पिढीचे, पण त्याच्या बोंडातली सरकी ही दुसरी पिढी! म्हणजे पुस्तकातला तीनास एक आपल्या प्रत्येक बोंडात बसलेला आहे. एका जनुकाच्या बीटीत चार दाण्यांपैकी सरासरी एक दाणा बिनविषारी. दोन जनुकांच्या बीटीत १६ दाण्यांमागे ९ दाण्यांत दोन्ही विषे, ३ दाण्यांत पहिलेच, ३ दाण्यांत दुसरेच आणि १ दाणा कोरा. नऊ-तीन-तीन-एक. हेही पोराने पाठ केलेले आहे.

गुलाबी अळी पानावर राहत नाही, ती बोंडात शिरून सरकी खाते. कोरा दाणा मिळाला की पोसते, अर्ध्या विषाचा मिळाला की पचवायला शिकते. कच्च्या अळ्या मरतात, पक्क्या उरतात. आपण पाकिटाचे पैसे मोजले आणि अळीला तालीम बांधून दिली.

अमेरिकेत हीच अळी होती, हीच जनुके होती. तिथे बीटी सरळ वाणात, म्हणून बोंडातला प्रत्येक दाणा बीटीचा. बिगर-बीटीच्या ओळींचा नियम शेतकऱ्यांनी पाळला. वर नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले. २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्याच हंगामात आपण पऱ्हाटीवर नांगर घालत होतो. जनुक तेच, फरक पडला तो जनुक कशात घातले आणि शेतकऱ्याला काय सांगितले याचा.

पोराने लिहिले तर गुण, बापाने पेरले तर गुन्हा

२०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ हा धडा आहे. त्यात बीटी कापूस आहे, बीटी वांगे आहे, तणनाशकाला दाद न देणारी पिकेही आहेत. त्यांचे फायदे लिहिले की गुण मिळतात. जून २०१९ मध्ये तेल्हाऱ्यापलीकडे अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारी कपाशी उघडपणे पेरली, तर त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. तेव्हाच्या कायद्यात त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होती. बीटी वांग्याला तर २०१० पासून बंदीच आहे. सरकारला हे तंत्रज्ञान चांगले वाटत असेल तर पेरू द्या. वाईट वाटत असेल तर पुस्तकातून काढा. शाळेत एक आणि वावरात दुसरे, हा दुटप्पीपणा बंद करा.

दुसरीकडे शहरातली मंडळी सांगत फिरतात, बीटीने जमीन मेली, जनावरे मेली, सगळे विष आहे. त्यांच्याकडे प्रयोग नाही, भीती आहे. कंपनीचे लोक येतात, टोपी देतात, नाश्ता देतात, एक उभे झाड दाखवतात. त्यांच्याकडे प्रयोग आहे, पण अर्धाच दाखवतात. या दोघांच्या मधे शेतकऱ्याच्या पोराच्या हातात स्वतःचा हिशेब हवा. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य आपण मागतो. ज्ञान नसेल तर ते स्वातंत्र्य दुकानदाराच्या गल्ल्यात जाते.

मास्तर म्हणतील, प्रयोगशाळा कुठे आहे? अहो, प्रयोगशाळा शाळेच्या कुंपणापलीकडे मैलोन् मैल पसरलेली आहे.

दोन डबे घ्या. दोन्हींत तुरीचे आणि ज्वारीचे दाणे निम्मे-निम्मे मिसळा. तूर म्हणजे बीटी जनुक. प्रत्येक पोराने डोळे मिटून दोन्ही डब्यांतून एकेक दाणा काढावा आणि परत टाकावा. शंभर वेळा मोजा. चारापैकी तीनदा हातात निदान एक तूर येईल. वाटाणा न लावता मेंडेल समजला.

शाळेच्या पडीक तुकड्यावर दोन तास पाकिटाच्या सरकीचे पेरा आणि दोन तास त्याच वाणाच्या राखलेल्या सरकीचे. दुसऱ्या दोन तासांत झाडे कशी फुटतात, पोरांनी टेपने मोजावे. तसेच दोन तास मालदांडीचे आणि दोन संकर ज्वारीच्या राखलेल्या बियाचे.

बीटी तपासायच्या पट्ट्या मिळतात. दाणा चेचून द्रावणात घोळायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत रेघ उमटते. एका बोंडातले सगळे दाणे एकेक करून तपासा. कोरा दाणा पोराच्या डोळ्यांसमोर येईल.

कपाशी फुलावर आली की डोमकळ्या मोजा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत जिवंत अळी निघाली, की फवारणीची वेळ झाली, हा शास्त्रज्ञांचाच निकष आहे. दर सोमवारी हे आकडे शाळेच्या फळ्यावर लिहा. गाव तो फळा वाचायला येईल. दुकानदार सांगतो म्हणून मारलेली फवारणी वाचली, तर शाळेने गावाचे पैसे वाचवले असे होईल.

आपल्या मागण्या

१. जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत अनुवंशिकतेचे प्रात्यक्षिक कपाशी आणि ज्वारीवर व्हावे, त्याला परीक्षेत गुण असावेत.

२. बीटी तपासणीच्या पट्ट्या आणि कामगंध सापळे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्राने शाळांना पुरवावेत. शास्त्रज्ञांनी वर्षातून दोनदा शाळेत येऊन पोरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.

३. बियाण्याच्या पाकिटावर मराठीत आणि मोठ्या अक्षरात छापावे: हा संकर आहे की सरळ वाण, बी राखता येते की नाही, जनुक एका बाजूने आहे की दोन्ही बाजूंनी.

४. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटीचे सरळ वाण काढले आहेत. ते संशोधन केंद्राच्या वावरात नकोत, तालुक्याच्या दुकानात हवेत. संकर घ्यायचा की सरळ वाण, हे शेतकरी ठरवील.

५. जे पीक पुस्तकात चांगले, ते वावरात गुन्हा ठरू नये.

मागण्या सरकारकडे, पण काम आपल्या घरी. येत्या हंगामात प्रत्येकाने आपल्या वावरातली २० हिरवी बोंडे पोराच्या दप्तरात घालून शाळेत पाठवावीत आणि मास्तरांना निरोप द्यावा: मेंडेल यात आहे, पोरांना काढून दाखवा. शाळा समितीत आपलीच माणसे बसलेली आहेत. त्यांनी मैदानाच्या कडेचे चार तास पेरायला द्यावेत. ज्या गावची शाळा हे करील, तिच्या फळ्यावरचे आकडे पुढच्या जिल्हा बैठकीत वाचून दाखवले जातील.